अंगात येणारी बाई आणि प्रवेशाची मुलाखत

नमस्कार श्रोतेहो. पदवीचे निकाल लागताहेत, एम.ए. मानसशास्त्राच्या प्रवेशपरीक्षा आटोपल्या आहेत आणि आता मुलाखतीची धास्ती सुरू झाली आहे. आज बोलायचं आहे ते या मुलामुलींशी. आईवडिलांनीही कान दिला तर बरंच.

पहिला प्रश्न ठरलेला : मानसशास्त्रच का? बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं. ‘मैत्रिणी माझ्याकडेच मन मोकळं करतात, मला लोकांना मदत करायला आवडतं.’ खोटं नाही ते. पण समोरच्यांनी ते सकाळपासून ऐकलेलं असतं, आणि मदत करायला नर्सलाही आवडतं, शिक्षकालाही. त्यापेक्षा नेमकं काहीतरी सांगा. बी.ए.ला स्मृतीचा प्रयोग केलात, निरर्थक शब्दांची यादी पाठ करून घेतलीत आणि आकडे पुस्तकासारखे आलेच नाहीत. का आले नाहीत, यावर डोकं खाजवलंत. हे सांगा. पुढचे प्रश्न मग तिथूनच निघतात आणि तुम्ही आपल्या मुलखात असता.

आता माझ्या आवडीचा प्रश्न. ‘एका बाईच्या अंगात येतं. घरचे तिला तुमच्याकडे घेऊन आलेत. काय कराल?’ हुशार विद्यार्थी नेमके इथे घसरतात. एक जण आजाराचं नाव ठोकून मोकळा होतो, दुसरा अंधश्रद्धेवर भाषण सुरू करतो. अहो, निदान कुणी मागितलंय? तुम्ही आधी काय विचाराल, ते ऐकायचं असतं. कधी येतं अंगात? नवरात्रात, आरतीच्या वेळी, चारचौघींबरोबर, आणि थोड्या वेळाने ती उठून स्वयंपाकाला लागते? की भर बाजारात, तिला नको असताना? त्याचा तिला त्रास होतो का? नंतर काय आठवतं? हे सुरू झालं तेव्हा घरात काय चाललं होतं? फिट येण्याचा इतिहास आहे का, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवलंय का? आणि घेऊन आले ते घरचे; तिला स्वतःला यायचं होतं का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही, समाजाने स्वीकारलेल्या धार्मिक वा सांस्कृतिक प्रथेचा भाग म्हणून अंगात येत असेल तर त्याला विकार म्हणत नाहीत. हे ठाऊक असलं तर उत्तमच, पण ते मागाहून काढा. मग कुणीतरी मुद्दाम डिवचेल, ‘म्हणजे तुमचा बुवाबाजीला पाठिंबा?’ चिडू नका आणि घाबरून शब्दही फिरवू नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, साखळीने बांधणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तसं काही दिसलं तर मी गप्प बसणार नाही, एवढं सांगा आणि पुन्हा त्या बाईकडे वळा.

गुप्ततेवरही विचारतात. पंधरा वर्षांची मुलगी म्हणते, ‘काकाने नको तिथे हात लावला, पण कुणाला सांगू नका.’ ‘मी तिचा विश्वास मोडणार नाही,’ हे उत्तर चालत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याने ही माहिती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. अवघड भाग पुढेच आहे : हे तिला कसं सांगाल? आणि अशी काही गुपितं आपल्याला ठेवता येत नाहीत, हे पहिल्या भेटीतच सांगितलं होतंत का?

एक गोष्ट घरच्यांसाठीही. नुसत्या एम.ए.वर ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तुम्हाला हे माहीत आहे का, याची चाचपणी होते.

शेवटी विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय?’ ‘नाही सर’ म्हणून खुर्ची मागे सरकवू नका. विचारा, प्रत्यक्ष कामाला कुठे पाठवता? येरवड्याच्या मनोरुग्णालयात, शाळांत, की नुसतं वर्गात बसवून? आम्ही घेतलेल्या केसवर आमच्याशी चर्चा कोण करतं, आणि आठवड्यातून किती वेळा? उत्तर गुळमुळीत आलं, तर फी भरण्याआधी दुसरा एखादा विभागही बघून ठेवा.