फेब्रुवारीतल्या मंगळवारी कोण जेवायला जाईल?

मंडळी, नमस्कार.

इथे कॅलिफोर्नियात, सॅन बर्नार्डिनोला माउंट व्हर्नन रस्त्यावर मिटला कॅफे नावाचं मेक्सिकन हॉटेल आहे. लुसिया रॉड्रिगेझ या बाईंनी १९३७ मध्ये ते सुरू केलं, आणि आजही त्यांच्याच घरचे लोक ते चालवतात. गेल्या रविवारी नातीला तिथे घेऊन गेले. तिथला टाको कुरकुरीत असतो. मक्याची पोळी दुमडून तळलेली, आणि वर लेट्यूस, टोमॅटो, किसलेल्या चीजचा हा ढीग! पहिल्याच घासाला निम्मं ताटात सांडतं. नात म्हणाली, “हा तर टाको बेलसारखा लागतो.”

मी म्हटलं, उलट आहे गं! रस्त्यापलीकडे ग्लेन बेल नावाच्या माणसाचा हॉट डॉगचा स्टॉल होता. तो मिटलात येऊन जेवायचा. टाको कसा करतात ते इथेच शिकला आणि १९६२ मध्ये त्याने डाउनीला टाको बेल या फास्ट फूड साखळीचं पहिलं दुकान काढलं.

तिने विचारलं, “मग आपलं मिटला कुठे आहे?”

मी मंडळाचं नाव घेतलं, देवळाचं घेतलं. “तसं नाही गं आजी. कधीही जाऊन बसता येतं, असं.”

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. पूर्वी तिथल्या पेरिस हिल पार्कच्या जलतरण तलावात मेक्सिकन मुलांना पोहायला मज्जाव होता. त्याविरुद्ध उभी राहिलेली माणसं मिटलातच जमायची. खटला झाला आणि १९४४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. बसायला हक्काची जागा होती, कारण एरवीही लोक तिथे जेवत होते.

आणि आपण? आपल्यातल्या कुणी मिसळ-थालीपिठाचं छोटं हॉटेल काढलं, की उद्घाटनाला जातो, फोटो काढतो आणि गाडीत बसल्यावर म्हणतो, “एवढ्या पैशांत घरी दहा जण जेवतील.” गणपतीच्या मोदकांच्या ऑर्डरला घासाघीस करतो. हॉटेल बंद पडलं की मात्र हळहळतो. मंडळी, त्या हळहळीतून भाडं निघत नाही हो.

सध्या आपल्यातलंच एक जोडपं जागा शोधतंय. नाव सांगू नका म्हणालेत. लीज एका वर्षाची करावी की पाच, असं त्यांनी मला विचारलं. दसरा-दिवाळीला आपण रांग लावू, याची मला खात्री आहे. पण फेब्रुवारीतल्या एखाद्या मंगळवारी संध्याकाळी तिथे कोण असेल, हे मी त्यांना सांगू शकले नाही.