ओळखीचे अनोळखी

(दृश्य: रेल्वे स्थानक, सकाळची गर्दी)

मोठ्या शहरात नव्याने आलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. इथे कुणाला कुणाचं पडलेलं नाही! खांद्याला खांदा लावून उभे राहतील, पण नजर म्हणून देणार नाहीत.

जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ साली याचं कारण सांगितलं. शहरात डोळ्यांवर, कानांवर सतत इतकं आदळत असतं की प्रत्येक गोष्टीत जीव गुंतवला तर माणूस टिकणारच नाही. म्हणून तो थोडा अलिप्त होतो. पण याच अलिप्तपणातून त्याला एक मोकळीक मिळते. आपण कुणाचे कोण, कधी परततो, एकटेच का फिरतो, हे विचारायला कुणी येत नाही. सुरुवातीला जे बोचतं, तेच पुढे हवंहवंसं वाटतं. शहरावर जीव जडायला इथूनच सुरुवात होते, असं मला वाटतं.

(दृश्य: फलाटावरचे चेहरे, जवळून)

आता हे चेहरे बघा. रोज तीच वेळ, तीच जागा, पण बोलणं शून्य. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये अशाच प्रवाशांचे फोटो काढून घेतले आणि नंतर ते त्याच फलाटावरच्या लोकांना दाखवले. ज्यांच्याशी कधी एक शब्दही बोललो नाही, असे सरासरी चार चेहरे प्रत्येकाने ओळखले. काहींनी तर या माणसांबद्दल आपण बरेचदा विचार करतो, असंही सांगितलं.

मिलग्रॅम यांनी नोंदवलेली एक घटना मला फार मोलाची वाटते. ब्रुकलिनमध्ये एक बाई रस्त्यात कोसळली. त्याच रस्त्यावर राहणारी दुसरी बाई धावली. तिने रुग्णवाहिका बोलावली, सोबत दवाखान्यापर्यंत गेली, बेशुद्ध बाईचं सामान कुणी उचलू नये म्हणून त्यावर लक्ष ठेवलं. दोघी कधीच बोलल्या नव्हत्या. नुसत्या वर्षानुवर्षं एकमेकींना दिसत होत्या. तेवढ्यावर तिला वाटलं, हिची जबाबदारी माझी आहे.

कुणाला कुणाचं पडलेलं नाही, असं म्हणणाऱ्याला ही माया दिसलेली नसते. ती बोलत नाही, पण असते.

(दृश्य: कागदावर हाताने काढलेला नकाशा)

माणसांसारखीच हळूहळू जागांचीही ओळख पटते. नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी बॉस्टनच्या रहिवाशांना आपल्या शहराचा नकाशा काढायला सांगितला. १९६० साली त्यांनी निष्कर्ष मांडले. शहर फारसं माहीत नसलेल्यांच्या मनात मोठमोठे भाग आणि ढोबळ दिशा होत्या. थोडं रुळलेल्यांना रस्ते कुठून कुठे जातात ते कळलं होतं. आणि जे शहराला सर्वांत जास्त ओळखत होते, ते लहानसहान खुणांवर विसंबून होते.

नवा माणूस उंच इमारतींचे फोटो काढतो. मुरलेला माणूस वाट सांगताना एखाद्या निळ्या दाराचं नाव घेतो.