शनिवारचा पास

(पडद्यावर: पहाटेचं धुकं, मोकळं मैदान, रांगेत लावलेल्या बाइक्स, कुठूनतरी टेंटची चेन उघडल्याचा आवाज)

मोटारसायकल क्लबच्या तीन दिवसांच्या रॅलीतली, म्हणजे मैदानात टेंट टाकून राहायच्या मेळाव्यातली, शनिवारची सकाळ आहे. काल संध्याकाळी पोचलेले लोक आत्ता कुठे टेंटमधून बाहेर येतायत, कुणी सीटवरचं दव पुसतंय, कुणी चेनला तेल घालतंय, कुणी नुसतंच दुसऱ्याच्या इंजिनाशी वाकून बघत उभं आहे. आणि गेटवर एक बाइक येऊन थांबते. पुढे वडील, मागे बारा-तेरा वर्षांची मुलगी. वडील विचारतात, आम्हाला फक्त आजचा दिवस यायचंय, किती भरायचे? गेटवरचा माणूस म्हणतो, दादा, एका दिवसाचं काही नाहीये, तीन दिवसांचं पूर्ण रजिस्ट्रेशनच करावं लागेल.

तो गेटवरचा माणूस मी होतो.

क्लबचा नियमच तसा होता, मी तो पाळला. वडील वाद घालत बसले नाहीत, ठीक आहे म्हणाले आणि बाइक वळवली. मुलगी मात्र शेवटपर्यंत मान वळवून आत बघत होती, कारण नेमकी त्याच वेळी एक जुनी साइडकारवाली गाडी मैदानात शिरत होती. ते दोघं परत कधी कुठल्या रॅलीला गेले का मला माहीत नाही. पण मोटारसायकल क्लबच्या रॅलीला एका दिवसाचा प्रवेश, म्हणजे डे पास, असावा की नसावा हा वाद निघाला की मला पहिल्यांदा ती वळलेली मान आठवते, आणि हा व्हिडिओ त्याच्यामुळेच केलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असावा. पण नको म्हणणारे लोक पैशाला हपापलेले असतात असं समजू नका, त्यांचं म्हणणं नीट ऐकण्यासारखं आहे.

(पडद्यावर: रात्री टॉर्चच्या उजेडात वही, पेन, आकडेमोड करणारे हात)

क्लबची रॅली म्हणजे कुणा इव्हेंट कंपनीचा कार्यक्रम नसतो. गेटवर उभे राहणारे, कचरा उचलणारे, पाट्या लावणारे सगळे मेंबर, सगळे फुकट राबणारे. खर्च मात्र खराखुरा असतो. मैदानाचं भाडं, टॉयलेट, पाणी, जनरेटर, इन्शुरन्स, परवानग्या, आणि यातलं बरंचसं माणसं किती येणार त्यावर ठरतच नाही, शंभर आले तरी तेवढंच आणि चारशे आले तरी जवळपास तेवढंच. समजा एकूण खर्च 100 धरला आणि त्यातला 80 असा आधीच ठरलेला असला, तर क्लबला महिनाभर अगोदर किती पूर्ण रजिस्ट्रेशन आली यावरच झोप लागते. डे पासवाला आधी काही भरत नाही. तो शनिवारी सकाळी उठतो, खिडकीतून आभाळ बघतो, आणि पाऊस दिसला की परत झोपतो. त्याच्या भरवशावर मैदान बुक करता येत नाही, हे खजिनदाराचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

दुसरी गोष्ट शनिवारची. तीन दिवसांची रॅली म्हणतात खरं, पण जे गेलेत त्यांना माहितीय की शुक्रवार येण्यात जातो, रविवार टेंट गुंडाळण्यात जातो, आणि जे काही घडतं ते शनिवारी घडतं. हळू चालवायची शर्यत शनिवारी, जुन्या गाड्यांचं प्रदर्शन शनिवारी, सर्वात लांबून आलेल्या रायडरचं बक्षीस बहुतेक ठिकाणी शनिवारी संध्याकाळी. म्हणजे तीन दिवसांची फी भागिले तीन असा डे पास काढला की तो घेणाऱ्याला एक तृतीयांश पैशात जवळपास सगळी रॅली मिळते, आणि मग पूर्ण पैसे भरणारा म्हणणारच की मी काय वेडा होतो का. हा हिशोब चुकलेले डे पास मी बघितलेत, पुढच्या वर्षी पूर्ण रजिस्ट्रेशन कमी झाली आणि लोकांनी डे पासलाच दोष दिला. दोष पासाचा नव्हता, भागाकाराचा होता.

(पडद्यावर: बर्फात उभे टेंट, धूर, साइडकारच्या गाड्या. मग एका गावाच्या मुख्य रस्त्यावर दोन्ही बाजूंनी खचाखच लावलेल्या मोटारसायकली)

जरा लांब जाऊन बघूया. जर्मनीत एलेफांटनट्रेफन नावाचं संमेलन भरतं, म्हणजे हत्तींचा मेळावा. 1956 मध्ये एर्न्स्ट लेव्हरकुस या मोटारसायकल पत्रकाराने सुरू केलेलं. झुंडाप कंपनीची केएस 601 ही दणकट गाडी होती, तिला लोक हिरवा हत्ती म्हणायचे, तिला साइडकार जोडून हिवाळ्यात फिरणाऱ्यांना त्याने एकत्र बोलावलं आणि नाव पडलं ते पडलंच. 1989 पासून ते बव्हेरियाच्या जंगलात झोला इथे भरतं, तेही ऐन थंडीत, बर्फात खाली पेंढा अंथरून लोक टेंट टाकतात. अशा ठिकाणी दुपारी दोन तास चक्कर मारून गेलेल्या माणसाला काय मिळणार? तिथली रात्रच म्हणजे रॅली. गोठलेल्या बोटांनी खुंट्या ठोकल्या, शेजाऱ्याने न मागता लाकडं आणून दिली, यातून जे जमतं ते जमतं. रॅली ही बघायची गोष्ट नाही, राहायची गोष्ट आहे, असं जुने मेंबर म्हणतात ते इथून येतं, आणि ते खोटं नाही.

आता अगदी उलटं टोक बघा. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या स्टर्जिस गावाची रॅली. जॅकपाइन जिप्सीज नावाच्या क्लबने 1938 मध्ये शर्यत भरवली, शर्यतीत होते नऊ जण. आज ते साधारण सात हजार वस्तीचं गाव आहे आणि ऑगस्टमध्ये तिथे लाखोंनी लोक येतात, 2015 ला 75 वी रॅली झाली तेव्हा तर राज्याच्या वाहतूक खात्याच्या मोजणीत 7 लाखांहून जास्त गाड्या भरल्या. वाहतूक खातं मोजतं कारण तिकीटच नाही! गावाच्या रस्त्यावर कुणीही यावं, तासभर थांबावं, आठवडाभर थांबावं. कॅम्पिंगच्या मैदानांचे पैसे वेगळे, ते ज्याचे त्याने द्यायचे. पण तिथे गाव स्टॉलवाल्यांकडून परवान्याची फी घेतं, भाड्याने मैदान घेणाऱ्या छोट्या क्लबला ते कुठून जमणार. तरी एक गोष्ट उचलण्यासारखी आहे, दिवस आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांचे पैसे वेगळे घेता येतात.

(पडद्यावर: गेटवर रिस्टबँड बांधणारे हात, फॉर्मवर सह्या)

मग डे पास हवाय कुणाला? क्लबच्या मीटिंगमध्ये नेहमी असं बोललं जातं की हे फुकटे, टाइमपास करणारे, स्टॉल बघून जाणारे. मी गेटवर जेवढे बघितले त्यातले बरेचसे तसे नव्हते. शिफ्टमध्ये काम करणारे होते ज्यांना एकच सुट्टी असते. घरी आजारी माणूस आहे म्हणून रात्र बाहेर काढता येत नाही असे होते. आधी वीस वर्षं न चुकता येणारे पण आता पाठ जमिनीवर झोपू देत नाही असेही होते, आणि अशा माणसाला त्याच्याच क्लबच्या गेटवर पूर्ण फी भर म्हणणं मला फार जड जायचं. आणि नवीन लोक. ज्याच्याकडे टेंट नाही, ओळखीचं कुणी नाही, रॅलीत नक्की करतात काय हेही माहीत नाही, तो पहिल्या फटक्यात तीन दिवस येईलच कशाला? आधी दिवसा येईल, बघेल, दोन माणसांशी बोलेल, मग पुढच्या वर्षी टेंट घेईल. मेंबर म्हातारे होतायत, नवीन पोरं येत नाहीत म्हणून मीटिंगमध्ये उसासे टाकणारा क्लब आणि गेटवरून नवीन माणसाला परत पाठवणारा क्लब हा एकच असतो कित्येकदा, हे मला खरंच बोचतं.

अजून एक. डे पास नसला म्हणून एका दिवसासाठी येणारे यायचे थांबत नाहीत. ते मित्राच्या मागे बसून येतात, कुंपणाकडून येतात, कुणाचा तरी रिस्टबँड ढिला करून घालून येतात. काही झालं तर जबाबदारी माझी असं लिहून द्यायचा फॉर्म त्यांनी भरलेला नसतो, आत किती माणसं आहेत हे क्लबला माहीत नसतं, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाल्यांना उत्तर द्यायला मेंबरच उभे.

आता जो मुद्दा मला स्वतःला सगळ्यात गंभीर वाटतो तो पैशाचा नाहीच. तो परतीचा आहे. मुक्कामी माणूस दोन पेग घेऊन टेंटमध्ये झोपतो. दिवसाचा माणूस उन्हात आठ तास काढून, थकून, अंधारात घरी निघतो, आणि संध्याकाळच्या त्या वेळेला रस्त्यावर जनावरं येतात, समोरच्या गाडीचा लाइट डोळ्यात जातो. कुणी त्यात आत घेतलेली असली तर विचारूच नका. डे पासला विरोध करणाऱ्या एका ज्येष्ठ मेंबरचं मला एवढंच म्हणणं होतं, की मी कुणाला तरी आत घेईन आणि तो घरी पोचणार नाही, हे माझ्याच्याने होणार नाही. यावर माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं. नंतर विचार करून जे सुचलं ते सांगतो.

पास फक्त शनिवारचा आणि तोही सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, अंधार पडायच्या आत बाहेर. किंमत पूर्ण फीच्या निम्मी, त्याच्या खाली नाही, म्हणजे पूर्ण पैसे भरणाऱ्याला आपण वेडे होतो असं वाटणार नाही. रिस्टबँडचा रंग वेगळा, आणि त्या रंगाच्या हाताला दारू द्यायची नाही, एकदम पक्कं. फॉर्म सगळ्यांसारखाच. लांबून येण्याच्या बक्षिसाला तो पात्र नाही, कारण ते बक्षीस अंतर कापून येऊन तिथेच पाठ टेकणाऱ्यांचं आहे. आणि सहा वाजता थांबावंसं वाटलं, किंवा थकवा वाटला, तर उरलेली निम्मी फी भरून तिथेच राहता आलं पाहिजे, टेंट नसला तर कुणाच्या तरी टेंटमध्ये जागा होते, रॅलीत ती नेहमीच होते.

रॅलीची खूण म्हणून मिळणाऱ्या पिनवरून मात्र अजून भांडण चालू आहे. दिवसाच्या माणसाला पिन द्यायची का? जॅकेटवर पिन म्हणजे मी तिथे राहिलो होतो असा पुरावा, तो असा वाटून टाकू नका, असं जुने लोक म्हणतात, आणि इथे मी त्यांच्या बाजूचा आहे. लहान मुलांना मात्र द्यावी असं मला वाटतं, ती मुलं रात्रीही राहिली असती, त्यांना विचारलं असतं तर.

(पडद्यावर: संध्याकाळचे सहा, पिवळं ऊन, गेटच्या आतल्या बाजूला लागलेली बाइक्सची छोटी रांग)

बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीला इथे अर्धा मिनिट थांबवायचं. एक मेंबर पुढे उभा, हेडलाइट लागतो का बघतो. दुसरा मागे, ब्रेक दाबायला सांगतो, लाल दिवा बघतो, मागे बसलेल्याच्या हेल्मेटचा पट्टा ओढून बघतो. मग हात वर करतो, जा.