कपाट नसलेली बेडरूम

श्रोतेहो, नमस्कार.

भाड्यानं देण्यासाठी म्हणून फ्लॅट घ्यायचा, हा विचार सध्या नाशिकमधल्या बऱ्याच घरांत चाललाय. समृद्धी महामार्ग जून 2025 मध्ये मुंबईच्या टोकापर्यंत खुला झाला. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुंभाची अमृतस्नानं आहेत. त्यामुळे पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत जिथं जाल तिथं दलाल एकच वाक्य ऐकवतो, ‘आत्ता घ्या, नंतर मिळणार नाही.’ 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओची घोषणा झाली, तेव्हाही हेच वाक्य होतं. ती मेट्रो काही धावली नाही. पण तिच्या नावावर चढलेले भाव कोणी खाली आणले नाहीत.

आधी हिशेब करू. कागद-पेन घ्या. उदाहरणाला 45 लाखांचा टू बीएचके धरा. मुद्रांक शुल्क, नोंदणी, पंखे, गिझर, जाळ्या, किचनची ट्रॉली हे सगळं मिळून तो 50 लाखांवर जातो. भाडं धरा 14 हजार. आता बारानं गुणू नका, अकरानं गुणा. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला, यात महिना रिकामा जातोच. झाले 1 लाख 54 हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, दलाली आणि दर दोन-तीन वर्षांनी लागणारा रंग, असे वर्षाला चाळीसेक हजार वजा करा. हातात उरले 1 लाख 14 हजार. 50 लाखांवर सव्वादोन टक्के. पुन्हा सांगतो, सव्वादोन टक्के. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. आणि 36 लाखांचं कर्ज काढून घेतलात, साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, तर हप्ता बसतो 31 हजारांच्या वर. म्हणजे दरमहा 17 हजार खिशातून.

मग लोक घेतात कशासाठी? पुढं विकताना भाव वाढलेला मिळेल म्हणून. म्हणजे खरी कमाई विकण्याच्या दिवशी. म्हणून भाड्याचा फ्लॅट घेतानाच तो विकता येईल का, हे बघायचं. विकणं अडतं कुठं, त्यासाठी एक गोष्ट ऐका. गोष्टीतला माणूस मी बनवलेला आहे. त्याला आपण अण्णा म्हणू. पण गोष्टीतली भानगड अस्सल नाशिकची आहे.

अण्णा नाशिकरोडचे, नोकरीतून निवृत्त झालेले. 2012 साली हातात पैसे आले आणि त्यांनी इंदिरानगरच्या बाजूला, आतल्या साडेसात मीटरच्या रस्त्यावर एक फ्लॅट बघितला. चोवीस लाख. दलालानं बेडरूमचं दार उघडलं आणि हात पसरले, ‘साहेब, खोली बघा केवढी! डबलबेड टाकून वर कपाटही बसेल.’ काकूंना खोली आवडली. अण्णांना भाव आवडला. भाडेकरूही लगेच मिळाला, अंबडच्या कारखान्यातला एक कुटुंबवत्सल माणूस, पाच तारखेला न चुकता पैसे देणारा. सात वर्षं असा संसार सुखात चालला. सात वर्षं भाडं येत होतं, म्हणून सात वर्षं कोणी फाइल उघडली नाही. हे वाक्य ध्यानात ठेवा.

2019 मध्ये अण्णांनी ठरवलं, फ्लॅट विकायचा आणि निफाडला मळ्यात घर बांधायचं. गिऱ्हाईक आलं, तरुण इंजिनिअर. सौदा 38 लाखांना ठरला. पोरानं कर्जाचा अर्ज केला. बँकेच्या वकिलानं यादी पाठवली: खरेदीखत, इंडेक्स टू, सातबारा, मंजूर नकाशा आणि पूर्णत्वाचा दाखला. अण्णा म्हणाले, ‘आहे की, सीसी आहे आपल्याकडं.’ आणि कागद पुढं केला.

आता इथं कान द्या. सीसी दोन असतात. एक काम सुरू करायची परवानगी, म्हणजे कमेन्समेंट. दुसरी काम पूर्ण झाल्याची, म्हणजे कम्प्लीशन, तीच पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला. दोन्हींना दलाल सीसीच म्हणतो. अण्णांच्या फाइलीत पहिली होती. दुसरी त्या इमारतीला कधी मिळालीच नव्हती.

का मिळाली नव्हती? तर कपाटामुळे. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस टेप घेऊन आला. मंजूर नकाशात बेडरूम दहा बाय दहा, आणि बाहेरच्या भिंतीला लागून दोन फूट खोलीचं कपाट. जागेवर कपाटच नाही! खोली दहा बाय बारा. दलालानं हात पसरून दाखवलेली ती ऐसपैस खोली म्हणजे मधली भिंत न बांधता खोलीत घेतलेलं कपाट होतं. प्लॉटवर जेवढं बांधायला परवानगी असते, त्याला चटईक्षेत्र म्हणतात. नियमात कपाटाची जागा चटईक्षेत्रात मोजत नसत, म्हणजे ती फुकट. ती खोलीत मिसळली की फुकटची जागा विकाऊ होते. दोन फूट गुणिले दहा फूट म्हणजे वीस चौरस फूट. दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर धरलं की एका फ्लॅटला साठ. वीस फ्लॅटच्या इमारतीत बाराशे चौरस फूट, म्हणजे जवळजवळ दोन फ्लॅट हवेतून काढले!

2015 च्या सुमारास महापालिकेनं हे मोजायला सुरुवात केली आणि शहरातल्या शेकडो इमारतींचे दाखले अडकले. नाशिकच्या वर्तमानपत्रांनी त्याला नाव दिलं ‘कपाटकोंडी’. नाव छान आहे, पण आत कोंडले गेले ते फ्लॅट घेणारे. 2017 मध्ये नवी नियमावली आली, पण जादा चटईक्षेत्र विकत घेऊन बांधकाम नियमित करायचं तर समोरचा रस्ता 9 मीटरचा हवा. अण्णांचा साडेसात. मग दोन्ही बाजूंच्या प्लॉटधारकांनी पुढची पट्टी सोडून रस्ताच 9 मीटर करायचा, अशा वाटा निघाल्या. म्हणजे अण्णांच्या बेडरूममधलं कपाट सुटायचं तर समोरच्या बंगलेवाल्यानं कुंपण मागं घ्यायचं. त्यानं का घ्यावं? डिसेंबर 2020 मध्ये राज्यभराची एकत्रित नियमावली आली, तेव्हा अशा इमारतींचे मार्ग बरेच मोकळे झाले. तोपर्यंत इंजिनिअर दुसरीकडं घर घेऊन मोकळा झाला होता. कर्ज न काढता घेणारं एक गिऱ्हाईक आलं, त्यानं 30 लाखांना मागितलं. आठ लाख त्या कपाटात गेले.

(आणि एक, विषय जरा सोडून. कपाटावरून एवढं रामायण झालं, तरी आपण सुधारलो नाही. बाल्कनी बंद करायची, गच्चीवर पत्रे टाकायचे. उन्हाळ्यातसुद्धा रात्री थंड वारा सुटणारं हे शहर. अशा शहरात गच्ची पत्र्याखाली झाकून वर एसी लावायचा, याला काय म्हणावं? असो.)

तर करायचं काय? टोकन द्यायच्या आधी महापालिकेच्या नगररचना विभागातून मंजूर नकाशाची प्रत मिळवा. विक्रेता देत नसेल तर माहितीच्या अधिकारात मागा. नकाशा हातात धरून प्रत्येक खोली टेपनं मोजा. पूर्णत्वाच्या दाखल्याचा क्रमांक आणि तारीख लिहून घ्या आणि तो कोणत्या विंगचा, कोणत्या मजल्यापर्यंतचा आहे ते वाचा. अर्धवट दाखलेही असतात. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नकाशा आणि परवानग्या बघा. पुन्हा सांगतो, पूर्णत्वाचा दाखला आधी, टोकन नंतर.

गोदाकाठच्या बाजूला घेत असाल, तर निळी आणि लाल पूररेषा बघा. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणारा पूर, लाल म्हणजे शंभर वर्षांत एकदा येणारा. सप्टेंबर 2008 ज्यांनी पाहिलाय, त्यांना दुतोंड्या मारुतीचं, म्हणजे गोदापात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराचं पाणी मोजतात तिचं, उदाहरण द्यायला नको.

आता भाडेकरार. वेळ थोडा आहे, म्हणून भरभर सांगतो. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, अकरा महिन्यांचा असला तरीही. ‘अकरा महिन्यांना नोंदणी लागत नाही, नोटरी पुरे’ हे चूक आहे. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार ही जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि त्याहून वाईट म्हणजे, वाद झाला तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं. उलट नोंदलेला करार असेल आणि मुदत संपूनही तो हलला नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते.

खर्च किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. 14 हजार भाडं, 50 हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर चारशे रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन केलंत तर आधार आणि अंगठा घेऊन घरबसल्या होतं, त्याचे तीनेकशे वेगळे. एवढ्यासाठी नोटरीकडं कशाला जायचं? भाडेकरूची माहिती पोलिसांकडंही द्या, तीही ऑनलाइन जाते.

सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल जादा पैसे मागेल. त्याला मर्यादा आहे. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. सेवाशुल्काच्या म्हणतोय, पूर्ण बिलाच्या नव्हे, महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. मुलगा, मुलगी, आई-वडील राहत असतील तर तेही नाही. आणि जाता जाता, एकट्या नोकरदार मुलींना घर नाकारणाऱ्या सोसायट्यांना माझा हात जोडून नमस्कार. गंगापूर रोडला शिकायला आणि सातपूरला नोकरीला आलेल्या या मुली वेळेवर भाडं देतात आणि भिंतीला खिळेही कमी ठोकतात.

घर देताना गिझर तपासा. टँकरवर किंवा बोअरवर चालणाऱ्या नव्या सोसायट्यांमध्ये पाणी जड असतं. एलिमेंटवर क्षार बसतात, तो जळतो, आणि मग भांडण होतं की जाळला कोणी. वर्षातून एकदा साफ करून घ्या. खर्च कोणाचा, हे करारात लिहा. पावसाळा पश्चिमेकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीची आणि खिडकीखालच्या पट्टीची ओल जुलैत बघा. मे महिन्यात सगळ्या भिंती कोरड्याच असतात. चावी देताना आणि घेताना वीज मीटरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, दोघांनी सही करा, आणि महावितरणचं शेवटचं बिल भरल्यावरच डिपॉझिट परत करा.

कुंभासाठी म्हणून फ्लॅट घेणाऱ्यांना एवढंच, की पर्वणीचे दिवस मोजके आणि कर्जाचे हप्ते दोनशे चाळीस.

आणि मोजायला जाताना पाच मीटरची टेप न्या, हॉलला पुरते. दुसरं टोक धरायला घरातलं कोणीतरी सोबत घ्या. दलालाच्या हातात ते टोक देऊ नका. नमस्कार.