पत्र परत आलं की मेडिकेड बंद

हे पाकीट बघा. अमेरिकेतल्या एका राज्याच्या मेडिकेड ऑफिसमधून निघालेलं असतं तसलं, आणि आता परत आलंय, वर पोस्टाचं पिवळं स्टिकर, की पाठवणाऱ्याकडे परत, पुढचा पत्ता नाही. आत नूतनीकरणाचा फॉर्म आहे, ज्याने भरायचा त्याच्या हातात तो पडलेलाच नाही, तरी या न उघडलेल्या पाकिटावरून त्या माणसाचा डॉक्टर, इन्सुलिन, मुलांची औषधं सगळं थांबू शकतं.

मेडिकेड म्हणजे तिथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा. 1965 साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सननी कायद्यावर सही केली. पैसे केंद्र आणि राज्य दोघं मिळून घालतात, कारभार मात्र राज्याकडे.

आता हा विमा सहजासहजी कुणाचा काढून घेता येत नाही बरं का. 1970 मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली नावाच्या खटल्यात, न्यूयॉर्कमधल्या गरिबांची रोख मदत बंद केली होती त्यावरून, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी माणसाचं म्हणणं ऐका मग मदत बंद करा. मेडिकेडचे नियमही त्याच वळणाने गेले, म्हणजे बंद करायच्या किमान 10 दिवस आधी नोटीस पाठवायची, आणि त्या मुदतीत अपील केलं तर निकाल लागेपर्यंत विमा चालू राहायला हवा.

पण त्याच नियमांत अपवादांची यादी आहे. माणूस वारला, दुसऱ्या राज्याने त्याला मेडिकेडमध्ये घेतलं, असली कारणं तिथे आहेत, ती पटतातही. आणि त्यांच्याच रांगेत हेही बसलंय की ठावठिकाणा माहीत नाही आणि पोस्टाने पत्र परत केलं. मग 10 दिवसांची अट गेली, ज्या दिवशी बंद करायचं त्या दिवशी नोटीस टाकली तरी चालते. टाकायची कुठे? ऑफिसकडे एकच पत्ता आहे, जिथून पहिलं पत्र परत आलं तोच. म्हणजे नोटीस दिली असं कागदोपत्री होतं आणि माणसाला कळतं कधी, तर मेडिकलच्या काउंटरवर, कार्ड चालत नाहीये असं सांगतात तेव्हा.

मला यातली खरी गोची वाटते ती अशी की "ठावठिकाणा माहीत नाही" हे माणसाबद्दल नाहीच, ते ऑफिसच्या कॉम्प्युटरबद्दल आहे. माणूस असतो की, भाडं वाढलं म्हणून दोन गल्ल्या पलीकडे गेलेला, बहिणीच्या घरी हॉलमध्ये झोपणारा, शेल्टरमध्ये असलेला, किंवा कुठेच न गेलेला, फक्त अपार्टमेंट नंबर टाइप करताना राहून गेला म्हणून पोस्टमनला दार सापडलं नाही. पोस्टात पत्ता बदलल्याची नोंद केली तर साधारण वर्षभर पत्रं नव्या घरी पोचवतात, पण पाकिटावरच "पुढे पाठवू नका, आम्हाला परत करा" अशी सूचना छापलेली असली तर ती नोंद करूनही पत्र हातात येत नाही, सरळ ऑफिसला परत.

आणि गंमत बघा, याच नियमावलीत दुसरीकडे लिहिलंय की कायमचा पत्ता नाही म्हणून कुणालाही मेडिकेड नाकारता येणार नाही. म्हणजे बेघर माणसाला आत यायला पत्ता लागत नाही, पण आत टिकायला लागतो!

कोविडमध्ये हे सगळं थांबलं होतं. मार्च 2020 च्या कायद्याने राज्यांना जादा पैसे दिले आणि अट घातली की कुणाला काढायचं नाही, ती 31 मार्च 2023 पर्यंत चालली. तीन वर्षांत किती लोकांनी घरं बदलली असतील, फायलीत पत्ते तेच जुने, आणि मग एकदम सगळ्यांची फेरतपासणी सुरू. अडीच कोटींहून जास्त लोकांचं मेडिकेड गेलं, त्यातल्या साधारण 70 टक्क्यांचं कागदपत्रांच्या कारणाने, म्हणजे ते अपात्र आहेत असं ठरलं नव्हतं, फॉर्म आला नाही, माहिती अपुरी, असलं काहीतरी. सगळीच काही परत आलेली पत्रं नव्हती, काहींना तोवर नोकरीतून दुसरा विमाही मिळाला होता, पण तरी.

त्या काळापुरती संसदेने एक शहाणी अट घातली होती. जादा पैसे हवे असतील तर नुसतं पत्र परत आलं म्हणून नाव काढायचं नाही, आधी फोन, मेसेज, ईमेल, काहीतरी दुसऱ्या मार्गाने गाठायचा खरा प्रयत्न करायचा. आणि हे अवघड नाहीये हो, मेडिकेडचे बहुतेक लोक खाजगी विमा कंपन्यांच्या प्लॅनमध्ये असतात आणि त्या कंपन्यांकडे पुष्कळदा चालू नंबर असतो, परवाच डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलेली असते.

अजून एक नियम आहे, फार कमी लोकांना माहीत असलेला. ठावठिकाणा नाही म्हणून बंद केलेला विमा, माणूस पात्रतेच्या मुदतीत सापडला तर राज्याला परत चालू करावाच लागतो. सापडला म्हणजे काय, त्याने स्वतः फोन करून सांगितलं की मी इथे आहे, हा माझा पत्ता. त्यामुळे मेडिकेड ऑफिसच्या काउंटरवरून कुणी नवीन अर्जाचा गठ्ठा हातात दिला तर आधी विचारायचं की माझी केस कुठल्या कारणाने बंद झाली, आणि पत्र परत आलं हे कारण असेल तर जुनीच केस चालू करून मागायची.

2025 च्या कायद्याने आता नवीन भर घातलीये. मेडिकेडच्या विस्तारात आलेल्या, म्हणजे उत्पन्नाची मर्यादा वाढवल्यावर नव्याने आत घेतलेल्या प्रौढांची तपासणी वर्षातून एकदा व्हायची, ती 2026 च्या शेवटापासून दर सहा महिन्यांनी होणार. तेवढी पाकिटं जास्त निघणार, पत्ते मात्र फायलीत आहेत तेच.