अंजिराची मान वाकेपर्यंत

[दृश्य : सासवडमधल्या एका घराचं परसदार. फेब्रुवारीतली सकाळ. कॅमेरा पानांच्या खालून फांदीवर सरकतो.]

निवेदन :

पानाच्या देठाशी, फांदीला चिकटून बसलेली ही हिरवी फळं. संक्रांतीला जेवढी होती तेवढीच महाशिवरात्रीलाही दिसतात. ज्याच्या दारात अंजिराचं पहिलंच झाड आहे, तो या दिवसांत हमखास काळजीत पडतो. पाणी कमी पडलं का? खत राहिलं का? मग तो बादलीभर पाणी जास्त ओततो, मूठभर युरिया टाकतो. नेमकं तेच करायला नको असतं.

अंजीर तीन टप्प्यांत वाढतं. सुरुवातीचे काही आठवडे ते भराभर फुगतं. मग थांबतं. बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत घडण चालूच असते. आणि एके दिवशी तिसरा टप्पा सुरू होतो. हिरवा रंग फिका पडतो, फळ फुगायला लागतं, आणि साखरेचा बहुतेक सगळा साठा या शेवटच्या थोड्या दिवसांत आत उतरतो. म्हणून दोन-तीन दिवस आधी तोडलेलं अंजीर आणि झाडावर पूर्ण पिकलेलं अंजीर यांच्या चवीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तोडलेलं फळ घरात ठेवून मऊ पडेल, पण गोडी वाढणार नाही. ती झाडावरच भरावी लागते.

[दृश्य : कच्चं अंजीर उभं कापलं जातं. कापलेल्या देठातून पांढरा चीक.]

हे फळ आतून बघा. हा गर म्हणजे शेकडो बारीक फुलं आहेत, तोंड आवळलेल्या बटव्यात आतल्या बाजूला लागलेली. टोकाशी हे जे बारीक छिद्र आहे, तो अंजिराचा डोळा. तुर्कस्तानातल्या इझमीर भागातल्या जातींना फळ धरण्यासाठी एक चिमुकली माशी लागते. ती या डोळ्यातून आत शिरते आणि परागकण नेते. उपास करणारे, जैन कुटुंबांतले लोक नेहमी विचारतात, अंजिरात किडा असतो का हो? आपल्याकडच्या पुना जातीच्या अंजिराला त्या माशीची गरजच नाही. परागीभवनाशिवाय त्याचं फळ धरतं.

अशी अंजिरं माणसानं फार पूर्वी हेरली असावीत. पश्चिम आशियातल्या जेरिको शहराजवळ गिल्गल इथल्या उत्खननात सुमारे 11,400 वर्षांपूर्वीची जळकी अंजिरं सापडली. 2006 साली ती अभ्यासणाऱ्या संशोधकांनी म्हटलं की ही परागीभवनाशिवाय धरणारी जात आहे, म्हणजे तिला उगवणारं बी नव्हतं आणि फांद्या लावूनच ती टिकवावी लागली असणार. तसं असेल तर गहू-जवाच्या आधी माणसानं अंजीर लावलं. मतभेद आहेत, पण फांदी खोचली की झाड येतं हे ज्यानं पाहिलंय त्याला यात नवल वाटत नाही.

[दृश्य : दिवे घाटाच्या माथ्यावरून पुरंदर तालुका. माळ, टेकड्या, अंजिराच्या बागा.]

महाराष्ट्रात अंजीर म्हटलं की पुरंदर. दिवे, सोनोरी, गुऱ्होळी, सिंगापूर, राजेवाडी. कोरडी हवा, बेताचा पाऊस, पाण्याचा निचरा होणारी जमीन. 2016 साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालं. जाधववाडीला अंजीर आणि सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. इथले शेतकरी दोन बहार, म्हणजे फळांचे दोन हंगाम, धरतात. पावसाळ्याच्या तोंडाला धरलेला खट्टा बहार, त्याची फळं हिवाळ्यापर्यंत येतात. आणि पावसाळा सरता सरता धरलेला मीठा बहार, ज्याची फळं उन्हाळ्यात येतात. घरच्या झाडाला मीठा बहारच धरावा असं माझं ठाम मत आहे. पिकताना कोरडं ऊन मिळतं, आणि अंजिराला पिकताना पाऊस अजिबात चालत नाही. साल तडकते, आत पाणी जातं, फळ आंबतं.

[दृश्य : पुन्हा परसदार. मातीत खोचलेले फाटे. कुंडीतलं झाड.]

लावणं सोपं आहे. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, वीतभर लांबीचा पक्का फाटा घ्यायचा, फांदीवरचे दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मातीत, दोन वर. सावलीत ठेवून ओल टिकवली की पालवी फुटते. जमीन नसेल तर दीड-दोन फूट व्यासाची कुंडी चालते. फक्त तळाला भोकं मोकळी हवीत आणि दिवसाचे सहा-सात तास थेट ऊन हवं. सावलीतलं अंजीर पानंच पानं देतं.

फळ नव्या फुटीवर येतं. म्हणून पावसाळा संपताना पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा, पानं उतरू द्यायची, मग छाटणी, शेणखत, आणि हळूहळू पाणी. पुरंदरचे जुने बागायतदार आणखी एक काम करतात. सुप्त डोळ्याच्या किंचित वर चाकूनं तिरकी खाच पाडतात. साल आणि थोडं लाकूड निघतं, वरून येणारा अटकाव तुटतो आणि तो झोपलेला डोळा फुटतो. घरच्या झाडाला दोन-चार फांद्यांवर हे जरूर करून पाहावं.

[दृश्य : पान उलटं केलं जातं. खालच्या बाजूला तांबूस ठिपके. बोट फिरवल्यावर भुकटी.]

आणि हे पान. याच्यासाठी कॅमेरा थोडा थांबवू या. वरून पिवळसर डाग, खाली उंचवटे, बोट लावलं की तांबूस भुकटी. हा तांबेरा, बुरशीचा रोग. फळाला तो फारसा हात लावत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण तांबेऱ्यानं पानं गळली की फळांना साखर पुरवणारं कोणी उरत नाही. उघड्या फांदीवरची अंजिरं रंग धरतात, मऊही होतात, आणि खाल्ली तर पाणचट लागतात. घरची अंजिरं गोड होत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी पानं मोजावीत. गळलेलं प्रत्येक पान उचलून बागेबाहेर टाकायचं. दमट दिवसांत, फळं लहान असतानाच, एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण फवारायचं. लिटरभर पाण्याला मोरचूद आणि चुना प्रत्येकी दहा ग्रॅम. फळं पिकायला लागल्यावर फवारणी बंद.

[दृश्य : मार्च अखेर. फळं जांभळट. एक नातू फांदीकडे हात नेतो. आजी पायरीवर बसल्या आहेत.]

"आजी, हे काढू का गं?"

"मान वाकलीय का त्याची?"

"नाही अजून."

"मग नको हात लावूस."

निवेदन :

आजी रंगाचं नाव काढत नाहीत, कारण रंग फसवतो. कच्चं अंजीर देठावर ताठ उभं असतं. पिकलं की देठाशी मऊ पडतं आणि स्वतःच्या वजनानं खाली झुकतं. सालीवर बारीक पांढऱ्या चिरा दिसतात. कधी डोळ्यातून मधासारखा थेंब बाहेर येतो. उचलून किंचित वळवलं की फळ हातात येतं. ओढावं लागलं आणि देठातून चीक आला, तर ते कच्चं आहे. तो चीक कातडीला लागू देऊ नका. चीक लागलेल्या जागी ऊन पडलं की कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोडही येतात. लांब बाह्यांचा सदरा घालूनच झाडात शिरावं.

बाजारासाठी तोडणाऱ्या शेतकऱ्याला एवढी वाट पाहता येत नाही. पूर्ण पिकलेलं अंजीर एक-दोन दिवसांत उतरतं, पाटीत दबतं. म्हणून ते आधी तोडावं लागतं, त्यात त्याचा दोष नाही. ही सवड फक्त घरच्या झाडालाच आहे.

[दृश्य : बारीक काडीनं अंजिराच्या डोळ्यावर तेलाचा थेंब.]

पिकणं घाईला आणण्याची एक जुनी युक्ती आहे. भूमध्य समुद्राकाठच्या देशांत अंजिराच्या डोळ्यावर ऑलिव्ह तेलाचा थेंब लावतात. इजिप्तमध्ये अंजिराच्या भाऊबंदातल्या एका झाडाची फळं चाकूनं चिरून पिकवत. दोन्हींत फळ स्वतःच इथिलीन वायू सोडू लागतं आणि पिकणं सुरू होतं. मात्र वेळ साधावी लागते. डोळा गुलाबी व्हायला लागला, म्हणजे फळ एरवी पंधरवड्यात पिकणार असेल, तेव्हाच तेल लावायचं. आधी लावलं तर फळ फुगतं आणि बेचव राहतं. सरसकट सगळ्या झाडाला हे करू नये. पण मे संपत आलाय, वळवाचे ढग जमलेत आणि फांदीवर थोडी फळं अडकलीत, अशा वेळी या थेंबाचा खरा उपयोग होतो.

तेव्हा बुलबुलांचंही लक्ष असतं, रात्री वटवाघळांचं, आणि डोळ्यापाशी मुंग्यांचं. पक्ष्यांना मान वाकलेली आपल्या आधी कळते. झाडावर जाळं टाकण्यापेक्षा एकेका फळाला मलमलीची सैल पिशवी बांधावी. जाळ्यात पक्षी अडकतात, ते बघवत नाही. खोडाला चिकटपट्टी गुंडाळून वर ग्रीस लावलं की मुंग्या अडतात.

[दृश्य : अंजिराच्या पानावर मांडलेली फळं. आजी एक फळ उकलून नातवाला देतात.]

सकाळी, ऊन चढायच्या आत तोडावं आणि त्याच दिवशी खावं. उरलीच तर फ्रिजमध्ये, पसरून, फार तर दोन दिवस. आपलं पुना अंजीर सुकवण्यासाठी फारसं चांगलं नाही, त्यामुळे ती खटपट करू नका. जास्त झाली तर शेजारी वाटा. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटणी कराल तेव्हा पक्के फाटे त्याच शेजाऱ्यांसाठी बाजूला ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांच्या परसातही अंजिरं लागतील.