बॅकअप घेतलाय, पण तो परत आणून पाहिलाय का?

सगळ्यांना नमस्कार. विषय दिलाय ‘वेब डेव्हलपरसाठी डेटाबेस आणि सर्व्हरच्या व्यावहारिक सूचना’. सूचनांची यादी तुम्हाला कुठेही मिळेल. मी एका दूध संस्थेची हकीकत सांगतो, कारण या कामातलं मला जे येतं त्यातलं निम्मं मी तिथे शिकलो.

संस्था खेड्यातली, चारशेच्या आसपास सभासद. सकाळ-संध्याकाळ दूध येतं, काट्यावर लिटर मोजतात, मशीनवर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) निघतं, त्यावर दर ठरतो आणि दहा दिवसांनी बिल होतं. ते सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. पोस्टग्रेस डेटाबेस आणि भाड्याचा एक छोटा सर्व्हर.

एका दुपारी सचिवांचा फोन आला. एका सभासदाची सकाळची फॅट चुकीची पडली होती, ती ४.२ करायची होती. मी थेट चालू डेटाबेसवर गेलो. अपडेटची ओळ लिहिली, खाली कोणती नोंद बदलायची ते सांगणारी व्हेअरची अट लिहिली. मी वापरत होतो त्या टूलमध्ये जेवढा मजकूर माउसने निवडाल तेवढाच चालतो. माझ्याकडून वरची ओळ निवडली गेली, खालची राहिली. एका सभासदाची एक नोंद बदलायची होती, आणि स्क्रीनवर आठ लाखांहून जास्त ओळी बदलल्याचा आकडा आला. तीन वर्षांतल्या प्रत्येक म्हशीचं, प्रत्येक गाईचं दूध ४.२ फॅटचं झालं होतं.

हात थंड पडतात म्हणतात, तसं झालं. तरी मनात एक आधार होता : रोज रात्री दोन वाजता बॅकअप होतो. फोल्डर उघडला. तारीखवार तीनशेच्या वर फाइली, एकही दिवस चुकलेला नाही. मग फाइलींचा आकार पाहिला. गेल्या अकरा महिन्यांतली प्रत्येक फाइल २० बाइटची होती.

हे का झालं ते नीट समजून घ्या, कारण अशी स्क्रिप्ट तुमच्यापैकीही कोणीतरी लिहिली असेल. माझ्या स्क्रिप्टमध्ये पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसमधला डेटा बाहेर काढणारं टूल, त्याचा मजकूर पाइपमधून जीझिपला जात होता आणि जीझिप तो आवळून फाइलीत ठेवत होतं. अकरा महिन्यांपूर्वी मी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि स्क्रिप्टमध्ये बदलायचं विसरलो. पीजी-डंपला आत जाता येईना. त्याच्याकडून एक अक्षरही आलं नाही, आणि जीझिपने ते ‘काहीच नाही’ इमानाने आवळून ठेवलं. रिकाम्या मजकुराची जीझिप फाइल २० बाइटची होते. वर शेल, म्हणजे स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल धरतं. शेवटची कमांड जीझिप, तिचं काम व्यवस्थित झालेलं, म्हणून रोज रात्री निकाल ‘यशस्वी’. स्क्रिप्टच्या वरच्या भागात ‘सेट -ओ पाइपफेल’ एवढी एक ओळ असती तर पहिल्याच रात्री निकाल ‘अयशस्वी’ आला असता.

जुनी बिलं छापून पैसे वाटून झाले होते. अडकलं ते चालू बिल, ज्याचे सात दिवस होऊन गेले होते. साडेपाच हजारांच्या आसपास नोंदी. त्या परत कुठून आल्या? सभासदांच्या दूध कार्डांवरून. मशीन असलं तरी त्या गावात लेखनिक कार्डावर पेनाने लिटर आणि फॅट लिहून देत असे, जुनी सवय म्हणून. सचिवांनी देवळाच्या भोंग्यावरून पुकारा केला आणि लोक कार्डं घेऊन आले. एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड घेऊन आल्या. ओल्या हातांनी दोन ओळी पुसट झाल्या होत्या. मी ते कार्ड ट्यूबलाइटखाली तिरकं धरून वाचत होतो आणि त्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, ‘परवा संध्याकाळी पावणेतीन लिटर होतं, वासरू जास्त प्यालं.’ त्यांच्या लक्षात होतं. माझ्या सर्व्हरच्या नव्हतं. दोन रात्री बसून आम्ही सगळं भरलं, बिल एक दिवस उशिरा झालं.

हे लहान गावात आणि एकट्या माणसाकडून झालं म्हणून सोडून देऊ नका. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबसारख्या कंपनीत, जिथे जगभरचे प्रोग्रामर आपला कोड ठेवतात, एका इंजिनिअरने रात्री उशिरा काम करताना चुकीच्या सर्व्हरवर फोल्डर पुसायची कमांड दिली. चूक ध्यानात येऊन ती थांबवेपर्यंत ३०० जीबीच्या आसपास असलेल्या डेटातले जेमतेम ४.५ जीबी उरले होते. मग बॅकअप पाहिले. तिथेही पीजी-डंप चालत नव्हता : डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंपचं टूल ९.२चं, म्हणून ते रोज बंद पडत होतं. बंद पडल्याचे ईमेल निघत होते, पण पोचण्याआधीच नाकारले जात होते. शेवटी साधारण सहा तासांपूर्वी घेतलेला एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत, कामी आला, तोही दुसऱ्याच कामासाठी घेतलेला. मधल्या सहा तासांचा डेटा गेला. कंपनीने हे सगळं लपवलं नाही. दुरुस्तीचं काम युट्यूबवर थेट दाखवलं आणि नंतर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. तो अहवाल प्रत्येक डेव्हलपरने वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता मी काय करतो ते सांगतो. दर रविवारी पहाटे एक स्क्रिप्ट ताजा बॅकअप उचलते, वेगळ्या मशीनवर कोरा डेटाबेस उभा करून त्यात तो भरते आणि दोन प्रश्न विचारते : ओळी किती, आणि शेवटची नोंद कधीची? उत्तरं पटली तरच ‘झालं’ असा निरोप जातो. इथे एक बारकावा आहे. बिघडल्यावर निरोप येईल अशी सोय केली तर निरोप पाठवणारी यंत्रणाच बिघडली की शांतता होते, आणि शांतता म्हणजे सगळं ठीक असं आपण धरतो. म्हणून उलट करा. ठीक असल्याचा निरोप यायला हवा, आणि ठरलेल्या वेळेत तो आला नाही तर तिसऱ्याच ठिकाणच्या यंत्रणेने तुमच्या फोनवर बोंब मारावी.

चालू डेटाबेसवर मी आता वाचण्यापुरत्या अधिकाराच्या खात्यानेच जातो. बदल करायचाच असेल तर आधी तीच व्हेअरची अट घालून सिलेक्ट, किती ओळी येतात ते बघायचं, मग बिगिन, म्हणजे पुढचा बदल अजून पक्का नाही, मग अपडेट. आकडा तोच आला तर कमिट करून पक्कं करायचं, नाहीतर रोलबॅक करून मागे घ्यायचं. बिगिन हा पाच अक्षरी इंग्रजी शब्द त्या दुपारी टाइप केला असता तर आजींना चालत यावं लागलं नसतं.

सर्व्हरबद्दल एकच सांगतो. डेटाबेसचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, इंटरनेटला उघडा ठेवू नका, चाचणीपुरताही नाही. २०१७च्या जानेवारीतच पासवर्डशिवाय उघडे असलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस कुणीतरी पुसून टाकले आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. त्यासाठी कुणाला काही फोडावं लागलं नाही, दारं उघडीच होती.

आता वेगाकडे येऊ. चारशे सभासद, दोन वेळा दूध, म्हणजे दिवसाला आठशे ओळी, वर्षाला तीन लाखांच्या जवळपास. हा काही मोठा डेटा नाही, तरी बिलाचं पान उघडायला बारा-तेरा सेकंद लागत होते. लोक मला म्हणाले, मोठा सर्व्हर घ्या. मी डेटाबेसकडे जाणाऱ्या क्वेऱ्यांचा, म्हणजे त्याला विचारलेल्या प्रश्नांचा, लॉग पाहिला. सभासदांची यादी आणायला एक क्वेरी, आणि मग प्रत्येक सभासदाच्या नोंदींसाठी एकेक, म्हणजे ४०१ क्वेऱ्या. डेटाबेस दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर होता, एका फेरीला ३० मिलिसेकंद. गुणाकार करा, बारा सेकंद नुसते ये-जा करण्यात गेले. सगळं एका जॉइनमध्ये, म्हणजे दोन्ही टेबल जोडणाऱ्या एकाच क्वेरीत, आणलं आणि प्रश्न मिटला. सर्व्हर तोच राहिला.

इंडेक्सचंही तसंच. मी तारखेच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधायची सोय, केला होता आणि क्वेरीत तारखेवर फंक्शन लावून महिना काढत होतो. फंक्शन लावलं की डेटाबेसला तो इंडेक्स वापरता येत नाही, तो सगळी टेबल चाळतो. त्याऐवजी ‘१ एप्रिल किंवा नंतर, आणि ११ एप्रिलच्या आधी’ अशी सरळ अट घाला. दोन रकान्यांचा इंडेक्स करताना क्रम महत्त्वाचा. सभासद आणि मग तारीख असा इंडेक्स म्हणजे कपाटात सभासदवार कप्पे आणि कप्प्यात तारखेने लावलेली कार्डं. एका सभासदाचे दहा दिवस चटकन सापडतात. पण ‘आज किती दूध आलं’ असं विचारलं तर चारशेच्या चारशे कप्पे उघडावे लागतात. त्या प्रश्नासाठी वेगळा इंडेक्स लागतो. मात्र प्रत्येक इंडेक्स नोंद लिहिताना थोडा वेळ खातो, म्हणून दिसेल त्या रकान्यावर इंडेक्स टाकत सुटू नका.

तारखेचा एक घोळ खास आपल्याकडचा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो, आपण साडेपाच तास पुढे. आमचं संकलन पहाटे पाचला सुरू व्हायचं. पाच वाजून दहा मिनिटांनी दूध घालणाऱ्याची वेळ यूटीसीत आदल्या दिवशीची रात्री ११ वाजून ४० मिनिटं होते. म्हणजे सगळ्यात आधी उठून येणाऱ्यांचंच दूध आदल्या दिवशी मोजलं जात होतं, आणि बिलाच्या सीमेवर ते मागच्या बिलात जाऊन पडत होतं. वेळ यूटीसीत साठवायला हरकत नाही, पण दिवस काढताना आधी ‘एशिया/कोलकाता’त बदलून घ्या. किंवा ‘संकलनाची तारीख’ हा साधा तारखेचा रकाना वेगळा ठेवा, कारण दुधाचा दिवस हा हिशोबाचा दिवस असतो.

शेवटी अक्षरं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायची ‘यूटीएफ८’ या नावाची जी जुनी सोय आहे ती एका अक्षरचिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देते. देवनागरीला तीनच लागतात, म्हणून मराठीची चाचणी पास होते आणि आपण निश्चिंत होतो. मग कुणी अभिप्रायात एक इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात. जुन्या सैल सेटिंगमध्ये तिथून पुढचा सगळा मजकूर कापला जातो, कडक सेटिंगमध्ये नोंदच नाकारली जाते. मोडी लिपीला २०१४मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकांच्या सामाईक अक्षरयादीत, जागा मिळाली, तिची अक्षरंही चार बाइटची. तेव्हा मोडी कागदपत्रांवर काम करणाऱ्यांनी तर पहिल्या दिवसापासून ‘यूटीएफ८एमबी४’च वापरावं. ते २०१०पासून आहे, आणि २०१८च्या ८.० आवृत्तीपासून न सांगता तेच मिळतं.

आणि आपला अर्धा र. समजा आडनाव कुऱ्हाडे आहे. यातला र दोन प्रकारे टाइप होतो. एका कीबोर्डवर ऱ हे नुक्त्याचं अक्षर आणि हलन्त. दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं. पण पोस्टग्रेस नेहमीच्या तुलनेत बाइट बघतं, आणि बाइट वेगळे आहेत. आमच्या इथे नवा लेखनिक आला, त्याने स्वतःच्या लॅपटॉपवरून असंच एक आडनाव शोधलं, सापडलं नाही, म्हणून त्याने नवीन खातं उघडलं. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं अक्षर एकाच रूपात आणायची रीत, हे दोन प्रकार एक करत नाही, ते स्वतः करावं लागतं. मी शोधासाठी वेगळा रकाना केला. नाव साठवताना र, हलन्त आणि जोडचिन्ह दिसलं की तिथे ऱ आणि हलन्त घालायचं, शोधतानाही तेच करायचं. मूळ नाव ज्याने जसं लिहिलं तसंच ठेवलं.

मग जुन्या सगळ्या नावांवर हा नियम चालवला तेव्हा अशी सहा जोडखाती निघाली. त्यातल्या एका सभासदाच्या दुसऱ्या खात्यावर तीन बिलांची रक्कम पडून होती. पैसे कमी येतात म्हणून ते दोन महिने संस्थेत खेपा घालत होते, आणि दर वेळी त्यांना स्क्रीन दाखवून हिशोब बरोबर असल्याचं सांगितलं जात होतं. दोन्ही खाती एक करून ती रक्कम त्यांना पुढच्या बिलासोबत मिळाली.